फिरत्या गायकाची जागा

आपल्या संगीताच्या इतिहासात दरबार येतो, मंदिर येते, पुढे नाटकगृह येते. ज्याच्या डोक्यावर यांपैकी कोणतेच छप्पर नव्हते, त्या फिरत्या गायका-वादकाने आपली जागा कशी निवडली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. वास्तविक त्याचे पोट गळ्याइतकेच जागेवर अवलंबून होते.

जुन्या गावगाड्यात जागा ठरे ती प्रथम वेळेवरून. उजाडण्यापूर्वी पिंगळा येई, उजाडता चिपळ्या वाजवीत वासुदेव, दिवसा गुबगुबी घुमवीत नंदीबैलवाला आणि रात्री दिवटीच्या उजेडात संबळ-तुणतुणे घेऊन गोंधळी. आळी तीच, अंगण तेच. पण वेळ वाटलेली असल्याने कोणी कोणाच्या पोटावर पाय देत नसे. दुसरी गोष्ट हक्काची. गोंधळ्याचे नाव अलुतेदारांच्या याद्यांत सापडते. त्याच्या पदरात पडणारे धान्य हे सेवेचे मोल होते. तिसरी गोष्ट वाद्याची. तुणतुणे अंगणात शोभते. परंतु चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या, अथवा शाहू छत्रपतींनी बांधविलेल्या खासबाग मैदानात कुस्ती जुंपली, की तेथे हलगी, घुमके आणि कैताळच हवे.

यंत्रयुग आले म्हणून ही कला लगेच बेघर झाली, असे नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक काढले. गिरणगावात गिरणीला लागूनच चाळी होत्या. पाळी सुटलेला कामगार तेथेच राही, संध्याकाळी मैदानात बसे. शाहिराला अंगण गेले तरी मैदान मिळाले.

आता पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीकडे या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या या गावाच्या नावाला ‘एमआयडीसी’ हे शेपूट जोडले गेले. येथे ओतशाळा आहेत, पाळ्या आहेत, माणसांची ये-जा आहे. मग गायकाला जागा का नसावी? कारण गर्दी निराळी आणि जमाव निराळा. पाळी सुटली की कामगार आपापल्या गावाची वाट धरतो. फाटकाशी बसायला पार नाही, आणि मालमोटारींच्या आवाजात तुणतुणे काय ऐकू येणार? खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, यंत्रे थांबतात, माणसे एकत्र उभी राहतात. वादकाला जागा मिळायची ती अशा थांबण्यातच.

हक्काचे तर त्याहून वाईट झाले. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून वा खेळ करून दान घेणे हेही भिक्षेच्या व्याख्येत घातले. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. तथापि व्याख्येने जे केले त्याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. गावगाड्याने ज्याला मानकरी मानले, त्याला कायद्याने भिकाऱ्याशेजारी बसविले.

गावगाड्यात जातीची उतरंड होती, म्हणून तो परत यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु चांगली जागा गायक एकट्याने शोधीत नाही. ती समाजाने राखून ठेवावी लागते. नकाशात कारखान्यांचे भूखंड आखणाऱ्या हातांना एका पाराची जागा आखणे अवघड नाही. ती मागायची आहे ती आपण, ऐकणाऱ्यांनी.