तळटीप : 'राजमाता' हा शब्द का अपुरा पडतो

प्रभावतीगुप्ता : दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी. मूळ लेखकाने तिला नुसती 'राजमाता' म्हटले आहे. ते आम्हाला पटत नाही. पती अकाली वारल्यावर तिने वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन इथून कारभार पाहिला. तिचा पुणे ताम्रपट या कारभाराच्या 13व्या वर्षाचा आहे आणि त्यात तिचा मुलगा दिवाकरसेन अजून युवराजच आहे. त्यातली वंशावळही सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची. यावरून काही अभ्यासक म्हणतात, खरी सत्ता वडिलांची, मुलगी नावापुरती. आक्षेप वजनदार आहे, पण तो भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावात सापडलेल्या ताम्रपटापाशी अडतो. तो तिचा दुसरा मुलगा, दुसरा प्रवरसेन, याच्या 20व्या राज्यवर्षाचा. तोवर चंद्रगुप्त हयात नव्हता, प्रवरसेन जाणता होऊन गादीवर स्थिरावला होता. तरी दानाची आज्ञा तिच्याच नावाने सुटते. मुद्रेवर ती स्वतःची ओळख दोन पराक्रमी वाकाटक राजांची आई अशी देते, आणि त्याच मुद्रेवर ते शासन तिचे स्वतःचे असल्याचेही कोरलेले आहे. दान हा विधवेचा धर्मच, असेही कोणी म्हणेल. मान्य, पण राजमुद्रा लावून गावाला हुकूम देणे हा धर्म नव्हे, अधिकार आहे. म्हणून या आवृत्तीत तिच्यासाठी 'राज्यकर्ती' हा शब्द वापरला आहे.