वाड्याचे कागद आणि वाड्याचा इतिहास

जुन्या घराचा शोध घ्यावयास निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘हे घर कोणाचे?’ हा. आम्हीही तोच विचारला होता. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या पेठांतील एका पडक्या वाड्याची माहिती जमविण्याचे काम आम्ही विद्यार्थ्यांसह हाती घेतले, तेव्हा सर्वप्रथम नगर भूमापन कार्यालय गाठले. मिळकत पत्रिकेवर मालकांची नावे, क्षेत्रफळ आणि वारसनोंदी मिळाल्या. पुढे मालकांच्या घरी एक खरेदीखत, दोन गहाणखते आणि मोडीतील एक वाटणीपत्र निघाले. आता इतिहास हाती आला, असे आम्हांस वाटले.

वाटणीपत्र वाचताना मात्र या समजुतीला तडा गेला. त्यात माजघराचे खण मोजलेले होते. विहीर आणि येण्याजाण्याची वाट सामाईक ठेवलेली होती. घरातील एका विधवेस राहण्यास एक खोली व पोटगी लिहून दिलेली होती. तिचे नाव त्या एका ओळीखेरीज कोणत्याही कागदात नाही. तिने त्या खोलीत किती वर्षे काढली, कोणाची मुले वाढविली, हे कागद सांगत नाही. तसे पाहिले तर त्याचा दोष नाही. घराचा कागद जन्मतो तो कर्ज झाले, मृत्यू झाला वा भांडण झाले म्हणून. जे घर सुखाने नांदते, त्याच्याविषयी दप्तर मौन पाळते. घर कोणाच्या मालकीचे होते हे कागद नेमकेपणाने सांगतो. त्या घरात काय घडले हे क्वचितच सांगतो.

हा भेद किती मोठा असू शकतो, हे पाहावयाचे तर बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे उदाहरण घ्यावे. वाड्याला नाव मालकाचे. पण तो महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तेथे सुरू केलेल्या मुलींच्या शाळेमुळे. तात्यासाहेब भिडे यांनी शाळेसाठी जागा दिली. जागा वापरावयास देणे हा विक्रीचा किंवा गहाणाचा व्यवहार नव्हे. मालकीच्या दप्तरात तो सहसा उमटत नाही. म्हणून या शाळांचा माग काढणाऱ्यास खरेदीखतांऐवजी ‘ज्ञानोदया’सारख्या तत्कालीन पत्रांतील मजकूर, शाळांचे अहवाल आणि १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन यांकडे वळावे लागते. ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात निघालेली मुलींची शाळाही अशीच दुसऱ्याच्या छपराखाली उभी राहिली.

विश्रामबाग वाड्याचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो आपल्या निवासासाठी बांधविला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८२१ साली त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आरंभी तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश होता. त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाली देऊन सत्कार झाला. पुढे १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. आता हा इतिहास कोणाचा म्हणावयाचा? बांधणाऱ्याचा, पाठशाळेतील शास्त्र्यांचा, की ज्याच्या जातीस त्या पाठशाळेत जागा नव्हती आणि तरीही ज्याचा सन्मान तेथेच करावा लागला, त्या माणसाचा? आमच्या मते तो या सर्वांचा आहे. यांपैकी एकालाही गाळून तो लिहिता येणार नाही.

भिडे वाडा आज उभा नाही. अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण वास्तू पाडण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील नियोजित स्मारकाची पायाभरणी झाली. तो वादही जागेच्या हक्काचा आणि ताब्याचाच होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. स्मारक व्हावे, यात दुमत नाही. परंतु ज्यांच्यासाठी कोणी स्मारक उभारणार नाही अशी शेकडो घरे पेठापेठांतून पडत आहेत, त्यांचे काय?

आमच्या त्या वाड्यात मागील चौकात एक वृद्ध भाडेकरू बाई राहत होत्या. कागदातील ती विधवेची खोली कोणती, हे त्यांनी एका वाक्यात दाखविले : “ती होय? आम्ही तिला काकूंची खोली म्हणतो.” कोण काकू, हे त्यांनाही ठाऊक नव्हते, त्यांच्या सासूबाई तसे म्हणत, एवढेच. दप्तरात जिची एक ओळ होती, तिला भाडेकरूंनी आपल्या बोलण्यात जपले होते. सासूबाईंच्या आणखी आठवणी पुढच्या खेपेस सविस्तर लिहून घेऊ, असे आम्ही ठरविले आणि परीक्षांच्या गडबडीत ते राहिले. पुन्हा गेलो तेव्हा वाड्याभोवती पत्रे लागले होते. बाई मुलाकडे गेल्या, कोठे ते शेजाऱ्यांस सांगता आले नाही.

खरेदीखताची नक्कल आजही मिळते. म्हणून आता आम्ही विद्यार्थ्यांना उलट्या क्रमाने पाठवितो : आधी माणसांकडे, मग भिंतींकडे आणि शेवटी कचेरीत.