जुन्या कॅमेऱ्यात रोल सापडला? झाकण उघडण्याआधी हे वाचा

माळ्यावर आजोबांचा कॅमेरा सापडतो आणि आत काय आहे ते बघायला आपण आधी मागचं झाकण उघडतो. आत रोल असेल तर फोटो तिथेच जातात.

असं का होतं?
फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. फोटो काढताना त्यावर उजेड पडून चित्र उमटतं, पण रोल डेव्हलप होईपर्यंत ते दिसत नाही. त्याआधी पुन्हा उजेड लागला, तर सगळी फिल्म काळी पडते.

मग काय करायचं?
हाताने गुंडाळायच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात बहुधा तळाला छोटं बटण असतं. ते दाबून वरची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवा. कळ एकदम सैल झाली की रोल डबीत गेला. मध्येच अडकली तर जोर लावू नका, कॅमेरा तसाच लॅबमध्ये न्या.

डबीवर काय लिहिलंय?
‘सी-४१’ म्हणजे रंगीत निगेटिव्ह. तो साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या रसायनात धुतात. ‘कोडाक्रोम’ असेल तर रंग विसरा. कोडॅकने ती फिल्म २००९ मध्ये बंद केली, पुढे तिची प्रक्रियाही थांबली. कृष्णधवल फोटो मात्र निघू शकतात.

रोल किती जुना आहे, हे लॅबला आधीच सांगा. फोटो फिकट, दाणेदार येतील. स्कॅननंतर कॉन्ट्रास्ट वाढवून ते बरेच सुधारतात.

आणि निगेटिव्ह नक्की परत मागा. फोनमधले स्कॅन उडाले, तरी त्यावरून फोटो पुन्हा काढता येतात.