तारावाचे तीन फूट पाणी

१/ आज एखाद्या लहान रबरी होडीच्या मागल्या फळीवर मुठीएवढा ट्रान्सड्यूसर बसवला, की तळाची खोली पडद्यावर आकड्यांत उमटते. १९४३ साली हाच आकडा हाती नसल्यामुळे प्रशांत महासागरातील एका बेटासमोर शेकडो सैनिकांना प्राण गमवावे लागले. त्या सकाळची आणि तिने शिकवलेल्या धड्याची ही कथा. (थ्रेड)

२/ खोली मोजण्याची विद्या अतिप्राचीन आहे. दोरीला शिशाचे वजन बांधून ते तळाला टेकेपर्यंत सोडायचे आणि भिजलेली दोरी पसरलेल्या दोन हातांच्या मापाने मोजायची. या मापाला मराठीत ‘वाव’ म्हणतात. इंग्रजांचे ‘फॅदम’ हे मापही पसरलेल्या हातांवरूनच आले. ते सहा फुटांचे.

३/ विसाव्या शतकात दोरीची जागा ध्वनीने घेतली. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम हिमनग ओळखण्याचे साधन शोधू लागला. हिमनगापेक्षा समुद्राचा तळच अधिक स्पष्ट प्रतिध्वनी देतो, असे त्याला आढळले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या स्फटिकाकडून पाण्यात ध्वनी सोडवून घेतला.

४/ पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. तो तळावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, वेगाने गुणायचा आणि निम्मे करायचे, की खोली मिळते. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये अशी साठ हजारांहून अधिक मापे घेतली. तात्पर्य, १९४३ पर्यंत हे शास्त्र चांगलेच प्रौढ झाले होते.

५/ तरीही २० नोव्हेंबर १९४३ रोजी गिल्बर्ट बेटांमधील तारावा येथे अमेरिकी मरीन सैनिक उतरले, ते अंदाजाच्या भरवशावर. बेटिओ या चिमुकल्या बेटाभोवती प्रवाळाचे रुंद खडक होते. भरलेल्या हिगिन्स नौकेला तरंगण्यासाठी सुमारे चार फूट पाणी लागे. खडकावर पाच फूट पाणी असेल, अशी योजनाकारांची आशा होती.

६/ मेजर फ्रँक हॉलंड या माणसाने त्यांना सावध केले होते. तो या बेटांवर अनेक वर्षे राहिलेला होता. त्या दिवशी खडकावर तीन फुटांपेक्षा अधिक पाणी नसेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा इशारा ऐकला गेला. मोहिमेची तारीख मात्र बदलली नाही.

७/ कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला हे कोडे चटकन उलगडले असते. चंद्र वद्य अष्टमीच्या आसपास होता, म्हणजे भांगाची भरती. शिवाय तो पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे अपभू बिंदूजवळ होता. त्यामुळे आधीच उथळ असणारी भरती आणखी दुबळी झाली. टेक्सासमधील प्राध्यापक डोनाल्ड ओल्सन यांनी १९८७ साली गणिताने हे दाखवून दिले.

८/ पहिल्या तीन लाटा पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर वाहनांतून खडक ओलांडून गेल्या. अशी वाहने पुरेशी नव्हती. मागून आलेल्या हिगिन्स नौका खडकाच्या कडेवर अडकल्या. सैनिकांना शस्त्रे डोक्यावर धरून, मशीनगनच्या माऱ्यात, शेकडो यार्ड पाणी तुडवत किनारा गाठावा लागला. अनेकांना तो गाठता आला नाही.

९/ ही लढाई ७६ तास चालली. सुमारे एक हजार अमेरिकी मारले गेले. बेटावर साडेचार हजारांहून अधिक जपानी सैनिक आणि कोरियन मजूर होते. त्यांपैकी दीडशेही जिवंत उरले नाहीत. या संहाराला केवळ ओहोटी जबाबदार नव्हती. परंतु त्या उथळ पाण्याने अमेरिकी बाजूच्या मृत्यूंत मोठी भर घातली, हे निर्विवाद.

१०/ धडा तत्काळ घेतला गेला. ॲडमिरल रिचमंड टर्नर यांनी पाण्याखालील अडथळे हटवणारी पथके उभी केली. त्यांचे एक मुख्य काम होते खोली मोजणे. शत्रूच्या तोफांसमोरील खडकावर सर्वेक्षणाचे जहाज नेणे शक्य नव्हते, म्हणून तेथे माणूसच पाठवावा लागला.

११/ जून १९४४ मध्ये सायपानसमोर ड्रेपर कॉफमन यांचे जलतरणपटू भरदिवसा पाण्यात उतरले. वेगवान नौकेच्या कडेला बांधलेल्या रबरी होडीतून ते एकेक करून पाण्यात लोळण घेत. जवळ गाठी मारलेली मासेमारीची दोरी, शिशाचे वजन आणि लिहिण्याची पाटी. अंगावर एकेक फुटावर काळे पट्टे रंगवलेले. उभे राहिले, की देहच मोजपट्टी होई. हजारो वर्षांची विद्या अशी पुन्हा कामी आली.

१२/ युद्धानंतर यंत्रे लहान झाली. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे ध्वनियंत्र बाजारात आणले आणि हळूहळू प्रतिध्वनीची ही विद्या मच्छीमारांच्या होड्यांवर पोहोचली. रबरी होडीपुढे मात्र एक अडचण होती. तिच्या फुग्यांत हवा असते आणि हवेच्या थरावर पाण्यातला ध्वनी परततो. फुग्याला भोकही पाडता येत नाही.

१३/ म्हणून ट्रान्सड्यूसर मागल्या कडक फळीवर किंवा तिला आवळलेल्या पट्टीवर बसवतात. तोंड सरळ खाली, सदैव पाण्यात आणि पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर. बुडबुडे म्हणजे पुन्हा हवाच. आणखी एक सावधगिरी हवी. यंत्र खोली मोजते ती स्वतःपासून. पंखा त्याहून खाली असेल, तर तेवढे अंतर वजा केले पाहिजे.

१४/ ही वजाबाकी क्षुल्लक वाटेल. पण तारावाचा प्रश्न नेमका हाच होता. समुद्र किती खोल आहे, यापेक्षा आपल्या नौकेखाली किती पाणी उरते, हे कळणे अधिक महत्त्वाचे. मराठीत ‘वाव’ म्हणजे माप आणि ‘वाव’ म्हणजे मोकळी जागाही. जेथे मापाचा वाव घेतला नाही, तेथे चुकीला वाव राहतो.

आपल्या बंदरातील जुनी जाणती मंडळी खोली कशी मोजत, हे त्यांना अवश्य विचारा आणि खाली लिहा. (समाप्त)