पोयाइसला जाणाऱ्यांसाठी

सहलींची माहितीपत्रकं लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. या धंद्यात नव्याने आलेल्या पोरांना वाटतं की 'नयनरम्य' आणि 'अविस्मरणीय' या शब्दांवर बुकिंग होतं. ते होतं 'नाश्ता सकाळी साडेसातला' या वाक्यावर. ज्याला नाश्त्याची वेळ ठाऊक आहे, त्याने हॉटेल पाहिलंच असणार, असं वाचणारा आपलं आपणच ठरवून टाकतो. त्यामुळे कॅप्टन टॉमस स्ट्रेंजवेज या नावावर १८२२ साली एडिंबरोत निघालेलं एक पुस्तक हाती आलं, तेव्हा त्यातल्या थापांनी मला फारसं नवल वाटलं नाही. त्यातल्या रटाळपणाला मात्र मी मनोमन दाद दिली.

पुस्तक मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्याचं वर्णन करतं, आणि त्या किनाऱ्यावरच्या पोयाइस या देशाचं. साडेतीनशेहून जास्त पानं आहेत. मुख्यतः तिथे वस्तीला जाणाऱ्यांच्या उपयोगासाठी हे लिहिलं आहे, असं पहिल्याच पानावर छापलंय. लेखकाचा हुद्दा 'पहिल्या देशी पोयर पलटणीचा कॅप्टन', शिवाय पोयाइसचे 'काझिक', म्हणजे राजे, ग्रेगर यांचा अंगरक्षक अधिकारी. सोबत ब्लॅक रिव्हरच्या बंदराचं सुबक कोरीव चित्र. मग पानामागून पान माती, पाऊस, महोगनीची झाडं, ऊस, लागवडीच्या पद्धती. मका वर्षातून तीनदा येतो. हवा युरोपियन माणसाला मानवते. नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात, पण हे अगदी जाता जाता, जणू काही विशेष नाही अशा सुरात. या मजकुराचा मोठा भाग जुन्या, खऱ्या पुस्तकांतून उचललेला आहे, म्हणून तो खऱ्यासारखा लागतो. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांविषयीचा खरा तपशील घ्यायचा आणि मधे खोट्या देशाची पाचर मारायची, एवढंच काम.

देशाची राजधानी सेंट जोसेफ. पुस्तकातून आणि त्याच्या आगेमागे झालेल्या प्रचारातून तिचं जे चित्र उभं राहिलं, ते आजच्या कुठल्याही 'सिटी टूर'मध्ये जसंच्या तसं घालता येईल: फरसबंद रुंद रस्ते, खांबांच्या ओळी असलेल्या इमारती, घुमटाचं कॅथीड्रल, नाट्यगृह, ऑपेरा, संसद, राजवाडा आणि बँक ऑफ पोयाइस. लोकवस्ती वीस हजारांपर्यंत. यातलं काही म्हणजे काही तिथे नव्हतं.

हा सगळा कारभार करणारा काझिक म्हणजे ग्रेगर मॅकग्रेगर. जन्म १७८६चा, स्कॉटलंडमधल्या ग्लेनगाइलचा, प्रसिद्ध हायलँड बंडखोर रॉब रॉयच्या घराण्यातला. ब्रिटिश सैन्यातून बाहेर पडून १८१२ साली तो व्हेनेझुएलाला गेला, स्वातंत्र्ययुद्धात जनरल झाला, तिथल्या क्रांतीचा नेता बोलिव्हार याच्या नात्यातल्या होसेफा लोवेराशी त्याने लग्न केलं. लढवय्या म्हणून त्याचं नाव अगदीच पोकळ नव्हतं. पण १८१९मध्ये पनामातल्या पोर्तोबेलोवर स्पॅनिश फौज चालून आली, तेव्हा खिडकीतून समुद्रात उडी टाकून त्याने आपलं जहाज गाठलं आणि माणसं मागे सोडली. ज्यांनी आपला पैसा नंतर त्याच्याकडे दिला, त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एप्रिल १८२०मध्ये मॉस्किटो किनाऱ्याचा राजा जॉर्ज फ्रेडरिक ऑगस्टस याच्याकडून त्याने ऐंशी लाख एकर जमिनीचा कागद लिहून घेतला. बदल्यात काय दिलं? रम आणि दागिने. ऐंशी लाख एकर म्हणजे आपल्या कोकण विभागाहून किंचित जास्तच. म्हणजे जमीन होती, नकाशावर होती, सहीचा कागदही होता. नव्हता तो देश. कर्जतच्या बाजूला डोंगरउतारावरचे 'सेकंड होम'चे प्लॉट विकणाऱ्यांनाही हेच ठाऊक असतं: सातबारा खरा दाखवायचा आणि क्लबहाऊस चित्रात.

लंडनला १८२१ साली परतल्यावर त्याने दुकान थाटलं ते योग्य हंगाम पाहून. नेपोलियनची युद्धं संपलेली, सरकारी रोख्यांवरचं व्याज उतरलेलं, आणि दक्षिण अमेरिकेतली नवी राष्ट्रं लंडनच्या बाजारात कर्ज उभारत होती. १८२२ या एका वर्षात कोलंबिया, चिली आणि पेरू तिन्हींचे रोखे निघाले. त्यांच्या रांगेत ऑक्टोबरमध्ये पोयाइसही उभा राहिला: दोन लाख पौंडांचं कर्ज, शंभर पौंडांचे दोन हजार रोखे, ऐंशीच्या भावाने, सहा टक्के व्याजाने. ज्या गुंतवणूकदाराने चिली पाहिला नव्हता, त्याने पोयाइस पाहिला नाही यात वेगळं काय होतं? लंडनचा प्रकाशक मरे याचं युरोपवरचं प्रवासी हँडबुक निघायला अजून चौदा वर्षं होती. पडताळून पाहायला दुसरं पुस्तक नाही, तिथून आलेला माणूस नाही. असलाच तर तो स्वतः काझिक.

स्कॉटलंडमध्ये तर त्याला भुसभुशीत जमीनच मिळाली. १६९८ ते १७०० या काळात पनामातल्या डेरिअनला वसाहत करायला गेलेले स्कॉट लोक तापाने आणि उपासमारीने मेले होते, देशाचा पैसा बुडाला होता, आणि ती सल शंभर वर्षांनंतरही गेली नव्हती. आपला एक पूर्वज त्या मोहिमेत होता, आता पोयाइसमध्ये स्कॉट लोकांना वसवून त्याची भरपाई करायची आहे, असं मॅकग्रेगर सांगे. त्यात १८२२च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला येऊन गेलेला, वॉल्टर स्कॉटच्या 'रॉब रॉय'ने हायलँडच्या सरदारांना प्रतिष्ठा दिलेली. टार्टनमधला एक मॅकग्रेगर समुद्रापलीकडे राजा झालाय, ही गोष्ट तेव्हा कुणाला नकोशी वाटली असती?

लंडन, एडिंबरो आणि ग्लासगोत कार्यालयं उघडली. जमीन एकरी दोनेक शिलिंगापासून विकली गेली आणि मागणी वाढली तसा भाव चढवला गेला. इथे मॅकग्रेगरचं खरं कसब दिसतं. आमच्या धंद्यात पैसे घेतल्यावर प्रवाशाला बॅग आणि टोपी देतात. त्याने प्रत्येकाला पद दिलं. कुणाला बँकेत नोकरी, कुणाला सैन्यात कमिशन, कुणाला सरकारी कचेरीत जागा. एडिंबरोच्या एका चांभाराला पोयाइसच्या राजकन्येचा खास चांभार नेमलं. निघण्याआधी लोकांनी आपले पौंड देऊन बँक ऑफ पोयाइसचे डॉलर घेतले. नोटा उत्तम छापलेल्या होत्या.

पहिलं जहाज, 'होंडुरास पॅकेट', सप्टेंबर १८२२मध्ये लंडनहून सत्तरेक माणसं घेऊन निघालं. दुसरं, 'केनर्स्ली कासल', जानेवारी १८२३मध्ये लीथ बंदरातून जवळजवळ दोनशे माणसांसह. मार्चमध्ये ते ब्लॅक रिव्हरच्या मुखाशी पोचलं, तेव्हा आधी आलेले लोक किनाऱ्यावर तंबूत आणि झोपड्यांत होते. बंदर नव्हतं, रस्ता नव्हता. जंगलात आधीच्या शतकात इंग्रजांनी वसवलेल्या आणि १७८७ साली रिकाम्या केलेल्या एका वसाहतीचे अवशेष होते. सेंट जोसेफ एवढंच. होंडुरास पॅकेट वादळात लोटलं जाऊन माल उतरायच्या आतच निघून गेलं होतं.

पुस्तकात माती काळी आहे म्हटलं होतं, ती होती. पाणी होतं, मासे होते, शिकार होती. पण आलेल्यांत बँकेचे कारकून होते, डॉक्टर होते, नोकरीवर हजर व्हायला आलेले अधिकारी होते. नांगर धरायला आणि झाड तोडायला माणसं कमी. कष्टकरी होते त्यांच्यापुढे प्रश्न होता की घरं बांधायची कशाला, आपल्याला शहरात जायचंय ना? पावसाळा सुरू झाला आणि हिवताप व पीतज्वर पसरला. राजकन्येच्या चांभाराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मदत शोधायला प्रमुख अधिकारी, कर्नल हेक्टर हॉल, किनाऱ्याकिनाऱ्याने मॉस्किटो राजाच्या भेटीला गेला होता. मे महिन्यात बेलीझहून 'मेक्सिकन ईगल' हे जहाज योगायोगाने तिथे आलं आणि त्यावरच्या माणसांनी सांगितलं की पोयाइस नावाचा देशच नाही. पाठोपाठ राजाचा निरोप: जमिनीचा कागद रद्द, कारण मॅकग्रेगरला जमीन दिली होती, राज्य नव्हे.

बेलीझला नेईपर्यंत आणि नेल्यावरही माणसं मरतच राहिली. सुमारे अडीचशेपैकी निदान एकशेऐंशी गेली. ऑक्टोबर १८२३मध्ये लंडनला परत पोचली ती पन्नासहून कमी. बेलीझहून इशारा गेल्यामुळे वाटेत असलेली आणखी जहाजं ब्रिटिश आरमाराने मागे वळवली, हे त्यातल्या त्यात बरं.

यापुढचा भाग मला सर्वात जास्त छळतो. वाचलेल्यांपैकी काहींनी मॅकग्रेगरची बाजू घेतली. प्रतिज्ञापत्रावर सह्या करून त्यांनी दोष हेक्टर हॉलवर आणि इतर अधिकाऱ्यांवर टाकला. जेम्स हॅस्टी या लाकूडकापणाऱ्याची दोन मुलं त्या प्रवासात गेली होती. त्यानेही पुस्तक लिहिलं, आणि काझिक दोषी आहे असं त्याला वाटत नव्हतं. लोक याला भोळेपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत. सहल बिघडली की प्रवासी बरोबरच्या टूर लीडरवर ओरडतात. माहितीपत्रक लिहिणाऱ्यावर कुणी ओरडलेलं मी माझ्या हयातीत पाहिलं नाही. छापलेल्या कागदाशी भांडणं अवघड जातं. आणि मुलं पुरून आलेल्या बापाने 'तो देशच नव्हता' हे मान्य करायचं म्हणजे मग त्यांना कशासाठी नेलं, या प्रश्नाला सामोरं जायचं.

मॅकग्रेगर तोवर फ्रान्सला सटकला होता. तिथे त्याने तोच खेळ पुन्हा मांडला, आणि तो फसला एका फारच कारकुनी कारणाने. पोयाइसला जायचं म्हणून फ्रेंच लोक पासपोर्ट मागायला आले आणि कचेरीतल्या अधिकाऱ्यांना हा देश यादीत सापडेना. ल हाव्र बंदरातलं जहाज अडवलं गेलं. डिसेंबर १८२५मध्ये तो पकडला गेला, खटला चालला, आणि १८२६मध्ये तो निर्दोष सुटला. शिक्षा एका सहकाऱ्याला झाली. लंडनमध्ये पोयाइसचे आणखी कागद विकून त्याने काही वर्षं काढली. १८३८ साली होसेफा वारली. त्यानंतर तो व्हेनेझुएलाला गेला, स्वातंत्र्ययुद्धातला जनरल म्हणून त्याला निवृत्तिवेतन मिळालं, आणि १८४५च्या डिसेंबरमध्ये मेल्यावर काराकासच्या कॅथीड्रलमध्ये लष्करी इतमामाने त्याचं दफन झालं. कॅथीड्रल तेवढं त्याच्या वाट्याला आलं म्हणायचं.

कागदावरच्या देशांची पर्यटन-माहिती पुढेही लिहिली गेली, बहुतेक गंमत म्हणून. १ एप्रिल १९७७ रोजी लंडनच्या 'गार्डियन'ने सान सेरिफ या बेटांवर सात पानांची पुरवणी काढली. राजधानी बोडोनी, शासक जनरल पिका; सगळी नावं छापखान्यातली. बेटांचा आकार अर्धविरामाचा. वाचकांचे फोन दिवसभर वाजत राहिले. तिथेही विश्वास बसला तो समुद्रकिनाऱ्यांच्या वर्णनाने नव्हे. अर्थव्यवस्थेवरचा कंटाळवाणा लेख आणि खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती यांनी. २००३मध्ये तीन ऑस्ट्रेलियन विनोदी लेखकांनी 'मोल्व्हानिया' या देशाचं पूर्ण गाइडबुकच लिहिलं. हसवतं, पण त्यात हसवायचा आटापिटा दिसतो, म्हणून मला ते सान सेरिफच्या खालचं वाटतं.

कागदावरून जमिनीवर, असा उलटा प्रवास एकाच जागेने केला. जेम्स हिल्टनने १९३३च्या 'लॉस्ट होरायझन' या कादंबरीत शांग्री-ला कुठे आहे हे नीटसं सांगितलं नाही. स्ट्रेंजवेजने जिथे तपशिलांचा ढीग घातला, तिथे हिल्टनने जागा मोकळी सोडली. त्यामुळे ती आपलीच म्हणणारे हक्कदार पुष्कळ निघाले. शेवटी चीनमधल्या युन्नानच्या झोंगडियान परगण्याने २००१ साली अधिकृतपणे ते नाव घेतलं. २०१४च्या जानेवारीत तिथल्या जुन्या दुकेझोंग वस्तीचा मोठा भाग आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. विमानतळ आहे, मठ आहे, हॉटेलं आहेत. उंची तीन हजार दोनशे मीटरच्या आसपास, त्यामुळे पहिल्या दिवशी स्थलदर्शन ठेवू नये आणि प्रवाशांना पायऱ्या चढायला लावू नये. हिल्टनला हे लिहायची गरज नव्हती. माहितीपत्रकात मात्र ते ठळक अक्षरांत जायला हवं.