पठाणाच्या आण्यापासून मोबाईलच्या कर्जापर्यंत : आपल्या माणसांच्या पतीचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा कार्यकारिणीनं मला सांगितलं, तुम्ही गिरणीतले, वस्तीचा इतिहास लिहा. वस्तीचा इतिहास म्हटला की सभा, मोर्चे, जयंत्या, सत्याग्रह आठवतात. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार पुष्कळ आहेत. मी मात्र अशा गोष्टीवर लिहिणार आहे, जी प्रत्येक घरात होती आणि जिच्याबद्दल चारचौघांत कुणी तोंड उघडत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे कर्ज.

कारणही तसंच घडलं. गेल्या वर्षावासात एका रविवारी वंदना संपली, माणसं पांगली, तरी आपल्याच वस्तीतला एक पोरगा कोपऱ्यात बसून राहिला. घरोघर सामान पोचवायचं काम करतो. आईच्या दवाखान्यासाठी तो बँकेत गेला होता. पगारपत्रक नाही म्हणून परत पाठवलं. मग मोबाईलवरून दहा हजार घेतले. हातात पडले सहा हजार, आणि आठव्या दिवशी मागणी पुऱ्या दहाची. त्यांनी फोनमधले सगळे नंबर काढून नातेवाइकांना, मित्रांना, विहाराच्या सेक्रेटरीलासुद्धा फोन केले. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "काका, आता विहारात कुठल्या तोंडानं येऊ?" मी त्याला म्हटलं, "बाबा, तुझ्या पणज्यालाही गिरणीच्या दारात हेच ऐकावं लागलं होतं. ही लाज तुझी एकट्याची नाही." त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर मांडतो.

गावात तारण काय होतं?

कर्ज देणारा पहिला प्रश्न विचारतो, तारण काय? आपल्या पूर्वजांकडे गावात तारण म्हणावं असं काय होतं? महार वतनाची जमीन होती, पण ती सरकारी आणि गावकीच्या राबणुकीला बांधलेली. अनेक वाटेकऱ्यांची. ती ठेवून सरळ कर्ज कोण देणार? घर गावकुसाबाहेर. राहिलं काय, तर अंग. म्हणून अंगमेहनतच गहाण पडायची. लग्नाला किंवा दुष्काळात धान्य उचललं की बाप राबायचा, मग पोरगा राबायचा. हे वतन बेडी आहे असं बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले. ती बेडी कायद्यानं तुटली १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तोवर कोकणातून, घाटावरून हजारो माणसं कर्जाचं गाठोडं डोक्यावर घेऊनच मुंबईला आली होती.

रुपयाला महिना एक आणा

मुंबईत गिरणी होती, रोख पगार होता. पण तिथंही जात आधी येऊन बसली होती. साचेखात्यात पगार चांगला, आणि तेच खातं आपल्या माणसांना बंद. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचं सूत दुसऱ्याला चालत नसे. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात आणि कमी पगाराच्या कामांवर. १९२८ चा मोठा गिरणी संप सहा महिने चालला. त्या काळात बाबासाहेबांनी साचेखातं आपल्या माणसांना खुलं करण्याची मागणी धरली, ती याचसाठी. हा अपमानाचा प्रश्न होताच, पण पोटाचाही होता. ज्याचा पगार कमी त्याची पत कमी, आणि ज्याची पत कमी त्याला व्याज जास्त.

पगार महिन्यातून एकदा, तोही महिना उलटून गेल्यावर. नवा माणूस कामाला लागला की पहिला पगार हातात पडेपर्यंत महिन्याच्या वर दिवस जायचे. तोवर खायचं काय? वाण्याकडे खातं, खानावळीत खातं. नोकरी लावणाऱ्या जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, त्यासाठी आणखी उसनवार. भांडीकुंडी आणि बायकोच्या अंगावरचं किडूकमिडूक मारवाड्याकडे गहाण. आणि जेव्हा गहाण ठेवायलाही काही उरत नसे, तेव्हा पठाण.

पठाणाबद्दल आपल्याकडे नुसती भीती सांगतात. मी दुसरी बाजूही सांगतो. पठाण तारण मागत नव्हता, जात विचारत नव्हता. बँकेनं ज्याला पायरी चढू दिली नाही त्याला तो उभ्या उभ्या पैसे देत होता. पण त्याची किंमत बघा. रुपयाला महिना एक आणा हा दर सर्रास होता. ऐकायला एक आणा म्हणजे काहीच नाही. आता हिशेब करू. पन्नास रुपये घेतले तर महिन्याला पन्नास आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे नुसतं व्याज. वर्षाला साडेसदतीस रुपये. शेकडा पंचाहत्तर! आणि मुद्दल पन्नासच्या पन्नास तसंच. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गेटवर उभा. तो व्याज घेऊन जायचा, मुद्दल बुडू नये एवढंच बघायचा. कारण मुद्दल फिटलं तर त्याचा धंदा संपला.

ही काही आमच्या चाळीतली ऐकीव गोष्ट नव्हे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशननं कामगारांची चौकशी केली आणि १९३१ साली अहवाल दिला. त्यात लिहिलं आहे की, बहुतेक औद्योगिक शहरांत तीन कामगार कुटुंबांपैकी निदान दोन कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. कारखान्याच्या दारात ठाण मांडून वसुली करणं हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारसही त्या कमिशननं केली.

पुढं १९३६ साली पगार वाटपाचा कायदा झाला. हजारांपेक्षा कमी कामगार असतील तर सात दिवसांत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार द्यायचा, असं ठरलं. मुंबई प्रांताचा सावकारी कायदा १९४६ चा. सावकाराला परवाना आणि चोख हिशेब सक्तीचा झाला. कायदे चांगले होते, पण कायद्यानं सावकाराला आवर घातला म्हणून गरिबाला कर्ज कुठून मिळणार? परवानेवाला सावकारही तारणच मागणार. बिनपरवान्याचा मात्र चाळीत येतच राहिला.

पतपेढी आणि भिशी

सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. गिरण्यांतून कामगारांच्या पतपेढ्या निघाल्या. भाग विकत घ्यायचा, दर महिन्याला वर्गणी पगारातून कापायची, कर्ज हवं तर दोन सभासद जामीन द्यायचे, हप्ता पगारातूनच वळता व्हायचा. पठाणाच्या तुलनेत व्याज कितीतरी कमी. कित्येकांनी मुलांची शिक्षणं पतपेढीच्या जोरावर केली. इथं तारण म्हणजे दागिना नाही, सोबतचा माणूस, ही फार मोठी गोष्ट होती.

पण या दारालाही कडी होतीच. मी गिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हा आमच्या पतपेढीत बदलीवाल्याला सभासद करून घेत नव्हते. ज्याला महिन्यात दहा-बारा पाळ्या मिळणार त्यालाच कर्जाची गरज जास्त, आणि त्यालाच दार बंद! पुढं मी कायम झालो आणि एका मित्राला जामीन राहिलो. गिरणीला टाळं लागलं, तो गावी गेला, आणि त्याचे हप्ते माझ्या देण्यातून कापले गेले. घरात वर्षभर अबोला होता. तेव्हा कळलं की जामिनाची सही म्हणजे निम्मं कर्ज आपलंच.

ज्यांना पतपेढीही नव्हती त्यांच्यासाठी भिशी होती. ती चालवली बायकांनी. वीस बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. कागद नाही, शिक्का नाही. एखादीच्या घरी आजारपण निघालं तर जिची चिठ्ठी निघाली ती म्हणायची, "घे बाई, तुझी नड मोठी." व्याज शून्य. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जागा असो-नसो, आपल्या चाळींत हीच खरी बँक होती. बोलीच्या भिशीत मात्र नडलेला माणूस पैसे सोडून उचल घेतो आणि धूर्त माणूस नफा कमावतो. दोन्हींत फरक आहे, तो ओळखावा.

खानावळवाल्या बायका बँकेत

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ मध्ये गरिबांसाठी शेकडा चार दरानं कर्जाची योजना आली. पण बँकेच्या काचेच्या दारातून आत कोण जाणार? गिरणगावात खानावळवाल्या बायका होत्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालायच्या, पैसे महिन्यानं मिळायचे. तोवर वाण्याकडून उधार, त्याच्या दरानं. १९७४ च्या संपात कामगारांकडून पैसे येईनात आणि या बायका पार बुडाल्या. युनियनमध्ये काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात चौदा बायकांनी झाली. बायकांचे गट केले, एकमेकींची जबाबदारी एकमेकींवर घातली, आणि बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवलं. सही येत नाही, दागिना नाही, घर नावावर नाही, तरी बायकांनी कर्ज फेडून दाखवलं. गरीब पैसे बुडवतो हा समज या बायकांनी पोळपाट-लाटण्यानं मोडून काढला.

नवबौद्ध आणि दाखल्याचा प्रश्न

आपला आणखी एक वेगळा फेरा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींतून आपण बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्यानं १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळाली ती १९९० मध्ये. चौतीस वर्षं आपल्या माणसाला एका टेबलावर बौद्ध आणि दुसऱ्या टेबलावर महार म्हणून उभं राहावं लागलं.

१९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झालं. बीजभांडवल योजनेत काही वाटा महामंडळाचा, थोडा आपला, आणि मोठा वाटा बँकेचा. खरी गाडी अडते ती बँकेत. महामंडळाची मंजुरी घेऊन मी एका पोराबरोबर बँकेत गेलो होतो. साहेबांनी पत्ता वाचला, चाळीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "मालमत्तावाला जामीनदार आणा." तारण नाही म्हणून तर योजना, आणि योजनेलाच तारण! आम्ही पाच खेटे घातले. सहाव्या वेळी नकार लेखी मागितला, तेव्हा अर्ज पुढं सरकला. हे मुद्दाम सांगतो. तोंडी नकार कधी घेऊ नये.

१८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, त्यानं तर सगळीच पत मोडली. पगार गेला तशी पतपेढी गेली, वाण्याचं खातं बंद झालं, डोरलं गेलं, काहींची खोलीही गेली. त्यानंतरची पिढी रोजंदारीवर, फेरीवर, घरकामावर आली. तिच्याकडे पगारपत्रक नाही. म्हणजे आपण फिरून तारण नसलेल्या जागी आलो.

आज काय करायचं?

आज पठाण गेटवर नाही, खिशातल्या फोनमध्ये आहे. काठीच्या जागी बदनामीचा मेसेज आहे. पण आज काही गोष्टी आपल्या हातातही आहेत, त्या माहीत पाहिजेत.

२०१५ च्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानं बिनपरवाना सावकारी हा तुरुंगाचा गुन्हा आहे, आणि सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मोबाईलवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. पैसे थेट आपल्या खात्यात आले पाहिजेत, सगळा खर्च आधी लेखी सांगितला पाहिजे, आणि फोनमधले नंबर, फोटो उघडता कामा नयेत. जो हे पाळत नाही त्याच्याविरुद्ध पोलिसात जाता येतं. बँका आता सिबिलसारख्या संस्थांकडून आपली परतफेड तपासतात. तो अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघावा. आणि व्याज नेहमी वर्षाच्या हिशेबानं विचारावं. "आठवड्याला थोडेसेच" म्हणणारा आणि "रुपयाला एकच आणा" म्हणणारा, दोघे सख्खे भाऊ.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली. त्यात एक ऋणमुक्तीचं सुख आहे. संघात प्रवेश घेणाऱ्याला, तू कर्जमुक्त आहेस ना, असं विचारलं जातं. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितलं आहे : एक उपभोगाला, दोन धंद्याला, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी. पण याचा अर्थ कर्ज घेणं पाप आहे असा नव्हे. बाबासाहेब १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी उसने पैसे घेतले होते. शिक्षणासाठी, औषधासाठी, धंद्यासाठी घेतलेलं कर्ज माणसाला उभं करतं. लग्नाच्या मांडवासाठी आणि डीजेसाठी घेतलेलं आडवं करतं.

आता त्या पोराचं. आपल्या विहाराच्या महिला मंडळाच्या भिशीची त्या महिन्याची चिठ्ठी जिची निघाली, त्या ताईंनी ती उचल त्याला दिली. घेतलेल्या सहा हजारांचा हिशेब करून तेवढे त्यानं चुकते केले, उरलेल्या मागणीबद्दल आम्ही चौघे त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो आणि लेखी तक्रार दिली. फोन बंद झाले. पोरगा दर महिन्याला भिशीत हजार रुपये भरतो, एकही हप्ता चुकलेला नाही. रविवारी वंदनेला पुढच्या रांगेत बसतो.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. या वर्धापनदिनापासून विहारात एक वही ठेवावी. शंभर घरांनी दर महिन्याला शंभर रुपये टाकले तर महिन्याला दहा हजार होतात, वर्षाला एक लाख वीस हजार. हिशेब दर पौर्णिमेला सर्वांसमोर वाचावा. पुढं रीतसर नोंदणी करून पतसंस्था करावी. तारण म्हणून आपल्याकडे सोनं नव्हतं, जमीन नव्हती. एकमेकांचा शब्द होता. तो शब्द वहीत उतरवू या आणि पाळू या.

नमो बुद्धाय! जयभीम!