दयेचे द्वार आणि आपले मुलगे

आपल्या बेने इस्राएल समाजात पुरुषार्थाची कल्पना पिढ्यांगणिक कशी पालटत गेली, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. कष्ट करावे आणि शाब्बाथ पाळावा, एवढ्यावर पुरुषाची परीक्षा होई. अठराव्या शतकात आपले तरुण कंपनीच्या फौजेत शिरले आणि सुभेदार ही पदवी घराण्याचे भूषण ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यात जातवार तुकड्यांचे धोरण आले. आपल्या लहानशा समाजाला तेथे जागा उरली नाही. मग कचेरीत वा रेल्वेत नोकरी करणारा शिकलेला कारकून हा मुलांपुढचा आदर्श झाला.

त्याच सुमारास, १८९८ साली, मॅक्स नोर्डाऊ यांनी बाझेलच्या झायोनवादी परिषदेत बलदंड यहुदी पुरुष घडविण्याची हाक दिली होती. इस्राएलात आल्यावर त्या आदर्शाशी आपली गाठ पडली. १९६२ मध्ये विवाहासाठी आपल्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी माझी बार मित्स्वा झाली. वडील म्हणाले, “एकदा गणवेश अंगावर चढव, मग तू कोणाचा, हे कोणी विचारणार नाही.” पुढे सैन्यात रात्री भीती वाटे, पण आईला मराठीत पत्र लिहिताना मी तिचा उल्लेखही करीत नसे. साऱ्या समाजाची अब्रू माझ्या खांद्यावर आहे, असे मला वाटे.

वास्तविक १९६४ च्या ऑगस्टमध्येच क्नेसेतने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले होते. येरुशलायीममध्ये बायकामुलांसह ठाण मांडून बसलेल्या आपल्या लोकांनी तो न्याय मिळविला होता.

आपला सर्वांत विख्यात सैनिक समाजी हसाजी दिवेकर. परंपरा सांगते की, ते टिपूच्या कैदेत पडले आणि टिपूच्या मातेने रदबदली केल्यामुळे त्यांचे प्राण वाचले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. तीच पुढे शाआर हाराहमीम, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांनी किती शत्रू मारले, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

माझा नातू लवकरच सैन्यात दाखल होईल. त्याला मी दिवेकरांची ही कथा सांगितली आहे. आणि भीती वाटली तर घरी तसे लिही, हेही सांगितले आहे.